आधी थोरलीचा पत्रा

"पाचवा गट?" रिस्परने तिसऱ्यांदा विचारलं. "अरे, नीट बघ. दुसऱ्या कुणाचा निरोप आला असेल."

"माझंच नाव आहे, आई. ओदोयो ओग्वेनो. गट पाचवा." ओदोयोने फोन तिच्या नाकासमोर धरला. "आपण वर्षाला एक लाख वीस हजार शिलिंग भरायचे. त्यातले साठ हजार विद्यापीठात नाव नोंदवायच्या दिवशी."

रिस्पर काही बोलणार, तेवढ्यात अंगणापलीकडच्या मातीच्या घरातून बायका लग्नात काढतात तसा लांबलचक हर्षाचा आवाज उठला. शेळ्या दचकून उठल्या. पाठोपाठ क्विंटर, सवतीची मुलगी, अनवाणीच धावत आली आणि रिस्परच्या गळ्यात पडली.

"मोठी आई! मला पहिला गट मिळाला! फी सगळी सरकार भरणार, वर जेवणाखाण्यासाठी कर्जसुद्धा! ओदोयो, तुझा कुठला?"

ओदोयोने सांगितलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. ती दोन पावलं मागे सरली आणि कुणी हाक मारली नसतानाही "आले गं" म्हणत परत पळाली.

आंब्याखाली खुर्ची टाकून ओग्वेनो रेडिओ ऐकत होता. दोन बायकांच्या दादल्याला काही गोष्टी न सांगता कळतात. त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

"ऐकलंत का?" रिस्पर ओरडली. "बाप एक, फाटक एक, विहीर एक! आणि सरकारला एक पोरगी भिकारी दिसली, न् एक पोरगा सावकार!"

"बातम्या लागल्यात," ओग्वेनो म्हणाला.

रिस्परच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आता खरं सांगायचं तर पोराला पाचवा गट मिळाला याचं दुःख तिला होतंच. पण तोच पाचवा गट दोघांनाही मिळाला असता, तर ती रात्री निवांत झोपली असती, हेही तितकंच खरं.

रिस्पर गावच्या माध्यमिक शाळेत टंकलेखिका होती. सव्वीस वर्षं एकाच खिडकीपाशी बसून तिने शाळेची पत्रं टाइप केली. दर वर्षी विद्यापीठात गेलेल्या मुलांची यादीही तीच टाइप करायची आणि तीच फलकावर लावायची. नोकरीला लागली त्या वर्षी यादीत दोन नावं होती. त्या दोघांना सरकार फी द्यायचं, खोली द्यायचं, वर खिशाला पैसे द्यायचं, आणि ती पोरं सुट्टीत नवे बूट घालून गावात मिरवायची. मग नावं सात झाली, पंधरा झाली. बापाने जमीन विकून पैसे भरले तर कमी गुणांवरही दार उघडायला लागलं. गेल्या वर्षी यादी चाळीसवर गेली आणि कागद दोन लागले. यादी वाढली, सरकारचं भांडं मात्र तेवढंच राहिलं. म्हणून तर हे गट निघाले. पोरांनी अर्ज भरायचा, सरकारने घराची ऐपत जोखायची. पहिला गट सगळ्यात गरिबांचा, पाचवा खात्यापित्यांचा.

या सव्वीस याद्यांमधलं एकेक नाव टाइप करताना रिस्परच्या पोटात दुखलं होतं. तिच्या वेळी तिचा नंबर एका गुणाने हुकला होता. बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण गेली, आणि आता ती म्हणे जिल्ह्याच्या गावाला डॉक्टर आहे. तेव्हापासून रिस्परला कुणाचं काही चांगलं झालं की आधी त्याचे गुण विचारायची सवय लागली. थोरल्या दोन पोरी बारावीच्या आसपास अडल्या आणि लग्न करून गेल्या. राहिला ओदोयो. या वर्षीच्या यादीत तिने त्याचं नाव सगळ्यात वर घातलं होतं, इंजिनिअरिंग असं ठळक करून. तीन नावं सोडून खाली क्विंटर होती, शेतकी शास्त्र. तिचं नाव तिने ठळक केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गणिताचे सर आबुटो यांच्यासमोर तिने फोन आपटला. ओदोयोसारखी डझनभर पोरांची प्रकरणं सरांनी पाहिली होती. त्यांनी अर्ज उघडला आणि चष्मा लावला.

"घराच्या भिंती कशाच्या? पोराने लिहिलंय, विटांच्या. छप्पर? पत्र्याचं. आईला पगार? आहे. शाळेची फी कुणी भरली? आईने." सरांनी मान वर केली. "बाई, यात खोटं काय आहे?"

"आणि तिचा?"

"क्विंटरचा मीच भरून दिला. मातीची भिंत, गवताचं छप्पर. आई अशिक्षित, सुटा मासळीविक्रीचा धंदा, पगार नाही. फी गावच्या मदतनिधीतून. पहिला गट मिळणारच."

"सुटा धंदा!" रिस्परने हात कपाळाला लावला. "अहो सर, ती बाई तळ्यावरून डब्यांनी ओमेना मासळी उचलते. बाजाराच्या एका दिवसात माझ्या पंधरवड्याचा पगार कमावते! मला बावीस हजार लिहिलेत, हातात सोळा पडतात. माझी पगाराची चिठ्ठी दिसते हो सरकारला, तिची मासळी नाही दिसत!"

"हे मात्र खरं," सर म्हणाले. "ज्याची चिठ्ठी तो श्रीमंत. माझ्या पोराचं काय होणार, तेही दिसतंय मला. फेरविचाराचा अर्ज करा. सात दिवस आहेत. चीफचं पत्र लागेल, तो घर बघून शिक्का मारतो."

रिस्परने त्याच संध्याकाळी शाळेच्या यंत्रावर अर्ज टाइप केला. एक पान ओदोयोचं. मग बोटं थांबेनात. तिने दुसरं पान घेतलं. सव्वीस वर्षांत कमावलेली सगळी सरकारी भाषा त्यात ओतली. सदर कुटुंबातील द्वितीय पत्नी डोमटिला हिचे उत्पन्न पगारदार व्यक्तीपेक्षा अधिक असून सदर घर मुद्दाम मातीचे ठेवण्यात आलेले आहे, तरी चौकशी व्हावी. तिने ते दोनदा वाचलं. एक स्वल्पविराम दुरुस्त केला. घरी जाताना तिला कित्येक दिवसांनी भूक लागली होती.

आता डोमटिलाचं थोडं सांगायला हवं. एकोणीस वर्षांपूर्वी ओदोयो पोटात असताना ओग्वेनोने तिला आणली. तेव्हा तो साखर कारखान्यात फोरमन होता आणि फोरमनला एकच बायको असली तर लोक विचारायचे. थोरलीचं घर फाटकासमोर असायचं, तसं रिस्परचं होतंच, विटांचं, पत्र्याचं. धाकटीला उजव्या बाजूला कुडाचं घर मिळालं. तीन वर्षांत कारखान्याने निम्मे लोक काढले, त्यात ओग्वेनो गेला आणि आंब्याखाली बसला तो बसलाच. डोमटिलाने रडारड केली नाही. कडेवर क्विंटरला घेऊन ती पहाटे तळ्यावर जायला लागली. चांदीसारखी बोटाएवढी मासळी आणायची, वाळवायची, बाजारात मापाने विकायची. वर तिला हसूही यायचं, कशालाही यायचं. रिस्परला तिच्या मासळीच्या वासापेक्षा त्या हसण्याचा जास्त त्रास व्हायचा.

शुक्रवारी गावचा सरकारी अंमलदार, चीफ ओमुगा, मोटारसायकलवरून आला. ओदोयो आणि क्विंटरने खुर्च्या मांडल्या. रिस्परने चहा दिला, दुधाचा. डोमटिलाने केळीच्या पानावर तळलेली ओमेना ठेवली. चीफने मासळीच आधी खाल्ली, हे रिस्परने पाहिलं.

त्याने दोन्ही घरं पाहिली. रिस्परच्या विटांना हात लावला, पत्रे मोजले. आत खाट, कपाट आणि रिकामी भिंत होती. मग कुडाच्या घरात वाकून शिरला आणि डोक्यावरची पिसं झटकत बाहेर आला, कारण छपरात डोमटिलाच्या कोंबड्या बसायच्या. खुर्चीवर बसून त्याने कागद काढले.

"हे पहिलं पान मुलाचं, ते ठीक आहे," तो म्हणाला. "पण हे दुसरं. हे मला एकट्याला वाचून शिक्का मारता यायचा नाही. ज्याच्यावर आरोप आहे, त्याच्यासमोर वाचायचा नियम आहे."

रिस्परला वाटलं होतं, कागद वर जाईल, कुठल्या तरी कपाटात जाईल, आणि तिकडून परस्पर काय व्हायचं ते होईल. चीफने भर अंगणात, सगळ्यांसमोर, ती तिची सुंदर सरकारी भाषा खड्या आवाजात वाचली. ओग्वेनोने आयुष्यात पहिल्यांदा रेडिओ बंद केला.

"घर मुद्दाम मातीचे ठेवण्यात आलेले आहे," चीफने शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि डोमटिलाकडे पाहिलं. "काय गं? धंदा करतेस, पैसा आहे म्हणतात. मग भिंत का नाही बांधलीस? मुद्दाम कुणी ठेवलं?"

डोमटिला मासळीचं पान उचलायला वाकली होती, ती तशीच थांबली. ती रिस्परकडेही बघत नव्हती. क्विंटर आईकडे बघत होती, आणि ओदोयो स्वतःच्या पायाकडे.

उत्तर सगळ्या कुळाला माहीत होतं. या मुलखात पेरणी असो, कापणी असो, घर असो, आधी थोरलीचं. धाकटीला नवं घर बांधायचं तर आधी थोरलीच्या घरावर काहीतरी नवं चढायला हवं. पूर्ण घर नको, एक पत्रा बदलला तरी पुरतं. पण तो आधी बदलायला हवा. क्रम मोडला की वंशाला लागतं. चर्चला जाणारी माणसंसुद्धा यात कुणी हात घालत नाहीत. आठ वर्षांपूर्वी डोमटिलाने पत्र्यांसाठी भिशी लावली तेव्हा ती स्वतः नवा कोरा पत्रा डोक्यावर घेऊन रिस्परच्या दारात आली होती. "ओदोयोच्या आई, हा तुमच्यासाठी. तुम्ही आधी चढवा, मग मी माझं बघते." रिस्पर म्हणाली होती, "माझं छप्पर धडधाकट आहे. मला नको." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षी डोमटिलाने सासऱ्याच्या भावांना मध्ये घातलं. रिस्पर म्हणाली, छप्पर गळायला लागलं की सांगेन. छप्पर गळत होतं. ती खाटेच्या पायथ्याशी पातेलं ठेवून झोपायची, पण सांगत नव्हती.

"बोल की," चीफ म्हणाला. त्यालाही ठाऊक होतं. चीफच तो.

"मीच," रिस्पर म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक होता की चीफने पुन्हा विचारलं.

"मी ठेवलंय ते घर मातीचं. मी पत्रा चढवू दिला नाही. आठ वर्षं." ती विटांच्या भिंतीकडे बघत पुढे म्हणाली, "तिचं घर माझ्यापेक्षा चांगलं झालेलं मला बघवलं नसतं. झालं समाधान?"

मग चीफला हसू आलं आणि ते त्याने खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला. "म्हणजे ओदोयोच्या आई, त्या पोरीचा पहिला गट तुम्हीच मिळवून दिलात की! बाकी काय म्हणा, दैव देतं आणि कर्म नेतं. या प्रकरणी मात्र तुमच्या कर्माने धाकटीला दिलं."

त्याने दुसरं पान घडी करून रिस्परच्या हातात ठेवलं, पहिल्या पानावर शिक्का मारला आणि उरलेली ओमेना कागदात बांधून घेऊन गेला.

फेरविचाराचं उत्तर नऊ दिवसांनी आलं. गट पाचवाच, बदल नाही. घराच्या भिंती विटांच्या.

त्या आठवड्यात रिस्परने सहकारी संस्थेत चौकशी केली, पण मुलींच्या लग्नांचं जुनं कर्ज फिटलं नव्हतं. भावाने फोन उचलला नाही. ओदोयो म्हणाला, "जाऊ दे आई, मी आबुटो सरांना विचारतो, तंत्रशाळेत वायरमनचं शिकता येईल." त्याने ते इतक्या सहज म्हटलं की तो कित्येक दिवस आरशासमोर ते वाक्य घोकत होता, हे रिस्परला लगेच कळलं. समोरच्या घरात क्विंटरची पेटी भरली जात होती. नवी चादर आली. नवी बादली आली. प्रत्येक वस्तू अंगणातून जाताना रिस्पर खिडकीतून बघायची आणि जळायची. बादली निळी होती, झाकणाची. तिला ती बादलीसुद्धा ओदोयोसाठी हवी होती.

नोंदणीला चार दिवस राहिले तेव्हा डोमटिला आली. दारात उभी राहिली, आत आली नाही. हातात पिशवी होती.

"यात सत्तर हजार आहेत," ती म्हणाली. "पत्र्यांचे. भिशीतून काढले. साठ ओदोयोच्या नोंदणीला, दहा गादीबिदीला."

रिस्परला वाटलं, धरणी दुभंगावी. "माझी तक्रार वाचलेली ऐकलीस ना तू?"

"ऐकली. भाषा छान होती." डोमटिला हसली, आणि मग हसू आवरलं. "हे बघा ओदोयोच्या आई, मी काय संत नाही. आठ वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्यात, त्या देवाने ऐकल्यात. पण एका फाटकातनं दोन पोरं निघाली आणि एकच पोचलं, तर लोक काय म्हणतील? म्हणतील डोमटिलाने अंगणात काहीतरी पुरलं. उद्या माझ्या पोरीला ताप आला तरी तेच निघेल. मला नाही ते नको. दोघं जाऊ देत."

"मला तुझे उपकार नकोत."

"मग घेऊ नका. ओदोयो माझाही आहेच की. तो अजून अंगावर पीत होता तेव्हा तुम्ही शाळेत जायचा आणि मी दोघांना एकदम घेऊन बसायचे, एकेक मांडीवर." तिने पिशवी उंबऱ्यावर ठेवली. "आणि उपकार कसले? पगारातून दर महिन्याला परत करा. तुमची चिठ्ठी आहे ना. सरकारला दिसते, मलाही दिसेल."

ती गेली. पिशवी लाथाडून द्यावी, सवतीच्या अंगावर फेकावी, भर बाजारात फेकावी, असं रिस्परला वाटत होतं. खाटेवर ओदोयो बसला होता. तो पिशवीकडे बघत नव्हता, फोनवरचा तोच निरोप पुन्हा पुन्हा उघडून वाचत होता. रिस्पर उठली, वाकली आणि पिशवी उचलून आत घेतली. सवतीपुढे वाकायची तिची ही पहिली वेळ होती, आणि सवत समोर नव्हती म्हणून बरं.

सोमवारी दोन्ही पोरं एकाच बसने गेली. डोमटिलाने दोघांच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना म्हटली, ओग्वेनोने प्रत्येकाला शंभर शिलिंगची नोट दिली आणि रडला. रिस्परने ओदोयोला जवळ घेतलं, मग थोडं थांबून क्विंटरलाही. त्या दिवशी तिने शाळेतून लवकर सुट्टी घेतली. येताना लोखंडाच्या दुकानातून एक पत्रा उधार घेतला आणि गावच्या सुताराला शिडीवर चढवून घराच्या मागच्या बाजूला ठोकून घेतला. ठोकण्याचा आवाज अंगणभर झाला. मग ती सवतीच्या दारात गेली.

"चढवला," ती म्हणाली. "आता तू बांधायला मोकळी."

डोमटिलाने सूप खाली ठेवलं आणि पोट धरधरून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"आत्ता? आत्ता परवानगी? अहो, पत्र्यांचे पैसे पोराच्या फीत गेले की! आणि पैसे असते तरी आता भिंत बांधायला मी काय वेडी आहे? चीफ परत आला आणि विटा दिसल्या, तर पोरीचा गट जाईल. पोरगी पदवी घेईस्तोवर मी मातीतच बरी."

आठ वर्षं रिस्परने हे रोखून धरलं होतं, आणि आज सोडलं तर ते कुणालाच नको होतं. ती वळणार तेवढ्यात तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. शेळ्यांनी अंग घासून घासून कोपऱ्याचा पोपडा पडला होता, आतल्या काठ्या दिसत होत्या. डोमटिलाने शेण आणि माती आधीच कालवून ठेवली होती, आज लिंपणार होती.

रिस्परने शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या, स्कर्टचा काठ कमरेत खोचला आणि खाली बसली. डोमटिलाने तिच्याकडे पाहिलं आणि मातीचं टोपलं दोघींच्या मध्ये सरकवलं. दोघी लिंपायला लागल्या, एक या टोकाकडून, एक त्या टोकाकडून. रिस्परने विटांच्या घरात आल्यापासून मातीला हात लावला नव्हता. ऊन कलेपर्यंत भिंत झाली. डोमटिलाची बाजू सपाट, एकसारखी होती. रिस्परच्या बाजूला जागोजाग पाचही बोटं उमटली होती.

रिस्पर हात पुसत उभी राहिली. दोन्ही बाजू तिने नीट पाहून घेतल्या.

"तुझी बरी झाली," ती म्हणाली.

"वाळली की तुमचीही बरी दिसेल," डोमटिला म्हणाली, आणि भिंतीवर उमटलेल्या रिस्परच्या बोटांवरून तिने सपाट करायला हात फिरवला नाही.